सहा महिन्यांचा खाडा : महाराष्ट्राच्या आमदारांना एका आशा स्वयंसेविकेचे खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : टीबीच्या उपचारकाळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई मिळण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

मी इचलकरंजीत आशा स्वयंसेविका आहे. माझ्या भागात बहुतेक घरं यंत्रमाग कामगारांची. मागांचा आवाज आमच्या अंगात इतका मुरलाय, की रात्री लाइट जाऊन माग थांबले तर पाळण्यातली पोरं दचकून जागी होतात. टीबीचा पेशंट निघाला की त्याच्या घरी जाणं, गोळ्या रोज पोटात जातात का बघणं, वजन करणं, घरात आणखी कुणाला खोकला-ताप आहे का विचारणं, हे माझ्या कामांपैकी एक काम. २०१९ साली हा आजार माझ्याच घरात आला. त्यामुळे आज जे लिहितेय ते दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

आमच्याकडे पगार आठवड्याला होतो. कामावर गेलं नाही त्या दिवसाला खाडा म्हणतात. लग्नाला गेला, मयताला गेला, तापानं पडला, सगळ्याला शब्द एकच. खाड्याचे पैसे नाहीत. टीबी म्हणजे आमच्या भाषेत सहा महिन्यांचा खाडा, आणि माझं सगळं म्हणणं या खाड्याबद्दल आहे.

आमच्या घरचा हिशोब आधी मांडते. मी तो तेव्हा वहीत लिहून ठेवला होता.

माझे मालक, म्हणजे माझा नवरा, मागावर होते. आठवड्याला साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला चौदा हजार. माझं कामाप्रमाणे मिळणारं मानधन धरून घरात महिन्याला सतरा हजार यायचे. पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. मागावरच्या माणसाला खोकला असतोच, कापसाची धूळ छातीत जाते. मी दारोदार सांगत फिरत होते, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. आणि घरातल्या खोकल्याला मी धुळीचा खोकला म्हणत राहिले. याचं वाईट मला अजून वाटतं.

आधी मेडिकलमधून औषधाची बाटली. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे सलाईन आणि इंजेक्शन. मग दुसरे डॉक्टर, एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, महागडी अँटिबायोटिक, एक सिटी स्कॅन. दोन महिने असे गेले आणि एकोणीस हजार रुपये गेले. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी झाली. तिला पैसे पडले नाहीत आणि उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आता तर गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यंत्रं तालुक्यातालुक्यात आलीत, काही तासांत कळतं. पण माणूस त्या यंत्रापर्यंत पोचेस्तोवर त्याचा खिसा रिकामा झालेला असतो, हे मी आजही दर दुसऱ्या घरात बघते.

गोळ्या सुरू झाल्या. त्या फुकट होत्या, आणि चांगल्या होत्या. हे ठासून सांगते, कारण त्या गोळ्यांनीच माझं माणूस वाचलं. पण त्यांचं वजन तेव्हा त्रेचाळीस किलो होतं. गोळी घेतली की पोटात आग पडायची, लघवी केशरी व्हायची, ती बघून त्यांना वाटायचं रक्तच जातंय. तिसऱ्या आठवड्यात कावीळ झाली. गोळ्या काही दिवस थांबवल्या, पुन्हा एकेक करून चालू केल्या, दर वेळी लिव्हरची तपासणी. मागावर बारा तास उभं राहावं लागतं, चार-सहा मागांमध्ये सारखं फिरत राहावं लागतं. अशा अंगानं ते जमणारं नव्हतं. ते साडेपाच महिने घरी होते.

वहीतला आकडा असा : निदान होईपर्यंत १९,००० रुपये. नंतर तपासण्या, रिक्षा, अंडी, दूध, फळं मिळून ११,०००. बुडालेला पगार ७७,०००. एकूण १,०७,०००. आमच्या घरचं वर्षाचं उत्पन्न २,०४,०००. म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष टीबीनं खाल्लं, आणि त्यातले चारातले जवळजवळ तीन वाटे औषधाचे नव्हते, खाड्याचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं यासाठी एक रेघ आखलेली आहे. आजारापायी होणारा खर्च आणि बुडालेली कमाई मिळून घरच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या खर्चानं ते घर कोसळलं असं धरतात. आमच्यासाठी ती रेघ होती ४०,८०० रुपयांची. निदानाआधीचे एकोणीस हजार आणि दीड महिन्याहून थोडा जास्त पगार, एवढ्यातच आम्ही ती ओलांडली. २०२० पर्यंत टीबीमुळे एकही घर या रेघेपलीकडे जाऊ नये असं जगातल्या देशांनी ठरवलं होतं. जगात आजही टीबी झालेल्या घरांपैकी साधारण निम्मी तिच्या पलीकडे जातात. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर दहातली आठ. आणि जगातले सुमारे चौथा हिस्सा टीबी पेशंट आपल्या देशात आहेत.

पैसे कुठून आणले तेही सांगते. बचत गटातून तीस हजार. गटातल्या बायकांना कशासाठी ते सांगितलं नाही, आजाराचं नाव निघालं असतं तर बैठकीत माझ्या शेजारी कुणी बसलं नसतं. आईनं दिलेल्या बुगड्या सोनाराकडे गहाण. शेठकडून दहा हजारांची उचल. उचल घेतली की माणूस बांधला जातो, म्हणून सहावा महिना पुरा व्हायच्या आत ते कामाला लागले. आणि मुलानं त्याच जूनमध्ये अकरावीला नाव घातलं होतं, तो दिवाळीनंतर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायला लागला. कर्ज तीन वर्षांत फिटलं. बुगड्या सुटल्या. मुलगा आज चार माग सांभाळतो. त्याला कॉमर्स करायचं होतं.

त्या वेळी निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याला ५०० रुपये होते. सहा महिन्यांचे ३,००० आम्हाला मिळाले, पहिला हप्ता चौथ्या महिन्यात, कारण खातं आधारला जोडलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०२४ पासून सरकारनं ही रक्कम दुप्पट केली. आता १,००० रुपये महिना, आणि ३,००० निदान झाल्यावर आगाऊ, उरलेले ३,००० चौऱ्याऐंशी दिवसांनंतर. आगाऊ देण्याचा निर्णय फार शहाणपणाचा आहे, त्यासाठी मी मनापासून आभार मानते. तरी खात्याच्या अडचणी संपलेल्या नाहीत. कुणाचं खातं बंद पडलेलं, कुणाचं गावाकडच्या बँकेत, कुणाच्या खात्यात पैसे आले की आधीच्या कर्जाचा हप्ता आपोआप कापला जातो. त्या घरातल्या बाईला अंड्यांसाठी आलेले पैसे दिसतच नाहीत.

आणि १,००० रुपये म्हणजे दिवसाचे तेहेतीस. अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी एवढ्यात बसत नाहीत.

खाण्याला कमी लेखून मी हे बोलत नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांत २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांबरोबर काम केलं, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पेशंटला महिन्याला दहा किलोचा शिधा दिला : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. काही गावांत घरातल्या इतरांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. जिथे घरच्यांना शिधा मिळाला, तिथे त्यांच्यात नवीन टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू निम्म्याहूनही कमी होते. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची चूल आली. जे काही चांगलंचुंगलं होतं ते मी मालकांच्या ताटात वाढत होते, पोरं डाळीच्या पाण्यावर होती.

निक्षय मित्र म्हणून तुमच्यातल्या कित्येकांनी पेशंट दत्तक घेतले, शिध्याच्या पिशव्या दिल्या. माझ्या भागातल्या दोन घरांना त्या मिळाल्या, त्या घरांनी त्या पुरवून पुरवून खाल्ल्या. पण तिसऱ्या महिन्यानंतर देणारा थांबला तर पेशंटनं कुणाला विचारायचं? आणि पिशवी भरलेली असली तरी खोलीभाडं द्यायचं असतं, फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता असतो. तो माणूस सोमवारी दारात येऊन बसतो. तांदूळ दाखवून तो उठत नाही.

या आजाराची चाल सांगते, म्हणजे पैसे आणि टीबी कुठे एकमेकांत गुंततात ते लक्षात येईल. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. जंतू मात्र मेलेले नसतात. नेमक्या याच वेळेला घरातली शिल्लक संपलेली असते. माणूस रात्रपाळी धरतो. दिवसा झोपतो, गोळीची वेळ चुकते. गोळीनं मळमळतं, मागावर चक्कर येते, म्हणून तो सुट्टीच्या दिवशीच गोळी घ्यायला लागतो. परगावचा असेल तर गाशा गुंडाळून गावी जातो. मला रजिस्टरमध्ये 'उपचार सोडला' असं लिहावं लागतं. वाचणाऱ्याला तो बेफिकीर वाटतो. मला ठाऊक असतं की त्यानं घरभाडं भरलंय.

पुढच्या वर्षी तोच माणूस परत येतो, तेव्हा कधी कधी साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. माझ्याकडे कांड्या भरणारी एक मुलगी होती, वडिलांचा आजार असाच अर्धवट राहिलेला, तिला थेट औषधांना दाद न देणारा टीबी झाला. अठरा महिन्यांवर उपचार, तपासणीसाठी पुन्हा पुन्हा जिल्ह्याच्या गावी खेटे, प्रत्येक खेपेला बरोबर आईचा खाडा. आता चार औषधं एकत्र देण्याच्या नव्या पद्धतीनं हाही टीबी सहा महिन्यांत बरा करता येतो, २०२४ मध्ये देशानं त्याला मान्यता दिली. पण ती मुलगी आणि तिची आई त्या दीड वर्षात काय खात होत्या याची नोंद करायला माझ्या कागदात रकाना नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची ही कल्पना मी नवीन काढलेली नाही. ती आपल्या कायद्यात जुनी आहे.

कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, नाव असलेल्या कामगाराला टीबी झाला तर तो दीर्घ आजारांच्या यादीत येतो. पात्र असेल तर त्याला पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते, दोन वर्षांपर्यंतही मिळू शकते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी रजेच्या नियमांत क्षयरोगाची वेगळी तरतूद आहे. ज्यांनी हे नियम केले, त्यांना नक्की समजलं होतं की टीबीत गोळीइतकीच घरी बसण्याची सोय लागते. मग आमच्या मागवाल्याला ती का नाही? कारण ईएसआयला एका ठिकाणी दहा कामगार लागतात, आणि आमच्याकडे एकाच छपराखाली चार नावांनी चार शेड असतात. दहाचा आकडा कुठेच भरत नाही. ऊसतोड टोळीतल्या जोडप्याला तर मुकादम सोडून मालकच नाही. नाक्यावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, विडी वळणारी, वीटभट्टीवरची, या सगळ्यांचं तेच. टीबी जास्त कुणाला होतो याची यादी केली तर तीही हीच येईल.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. टीबीचा पेशंट घरात बसून बरा होतो.

राहता राहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिच्या नियमांत टीबीचं नाव आहे, हे बऱ्याच पेशंटना माहीतच नाही. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही अशा माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. मी हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याच आठवड्यात तीन पेशंटचे कागद गोळा केले.

अट आहे : दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत.

सदस्यहो, हा आकडा एकदा दिवसांत मोडून बघा. अख्ख्या घराचं मिळून दिवसाला अठ्ठावन्न रुपये. महाराष्ट्रात कुठल्या घराचं आहे? ईएसआयमध्येही मर्यादा आहे, तीही नेमकी २१,०००, पण ती महिन्याच्या पगाराची. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आणताना तुम्ही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवलीत. माझ्या वस्तीतल्या बायकांना ते पैसे मिळतात, त्यातून औषधं येतात, वह्या येतात, मला त्याचं समाधान आहे. मला त्यातून एवढंच दिसलं की आजच्या महाराष्ट्रात गरज कुठपर्यंत आहे हे सभागृहाला नीट माहीत आहे. फक्त टीबीच्या पेशंटपर्यंत ती मर्यादा आलेली नाही.

माझ्या तिघांपैकी एकाचा उत्पन्नाचा दाखला पंधरा हजारांचा निघाला. खोटा होता हे त्याला, मला आणि देणाऱ्याला, तिघांनाही माहीत होतं. मला ते आवडलं नाही. आजारी माणसाला आधी खोटं बोलायला लावणारा नियम बदलायला हवा. दुसऱ्याकडे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा नव्हता. तिसरीचा अर्ज बरोबर होता, सगळे कागद जोडलेले होते. तो एका कार्यालयात समितीच्या बैठकीसाठी थांबला. बैठक पाच महिन्यांनी झाली. मंजुरीचं कळलं तेव्हा तिच्या गोळ्या संपून एक आठवडा झाला होता, आणि बरं झालेल्या माणसाला अनुदान कशाला, असा प्रश्न तिथेच निघाला. जी योजना आयुष्यभराच्या निराधारपणासाठी आहे, तिच्या वेगानं सहा महिन्यांच्या आजाराला मदत पोचणार नाही. यात कुणा एका कारकुनाचा दोष मी धरत नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. टीबीसाठी संजय गांधी योजनेत वेगळा भाग करा. उत्पन्नाची मर्यादा लाडकी बहिणीइतकी, म्हणजे अडीच लाख करा. वेगळा अर्ज नको. पेशंटची निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबीच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद होते, तेव्हा नाव, वय, आधार, बँक खातं, डॉक्टरांचं निदान, सगळं सरकारकडे आलेलंच असतं. खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून प्रत्येक टीबी पेशंट कळवणं बंधनकारक आहे. त्या नोंदीवरच पंधरा दिवसांत पहिला हप्ता जमा व्हावा. आरोग्य खात्याकडे पेशंट आहे आणि सामाजिक न्याय विभागाकडे योजना आहे, या दोन खात्यांनी एकमेकांना यादी द्यायची, एवढंच ते काम आहे. रहिवासाच्या पंधरा वर्षांची अट टीबीला लावू नका. बाहेरगावचा कामगार उपचार अर्धवट टाकून गेला तर जंतू इथेच आमच्या खोल्यांत राहतो.

रक्कम १,५०० पुरणार नाही. मी ५,००० महिना मागते, उपचार चालू असेपर्यंत. चौदा हजार बुडणाऱ्याला पाच हजार म्हणजे भाडं, फायनान्सचा हप्ता आणि रॉकेल-गॅस. माणूस दुसऱ्या महिन्यात रात्रपाळी धरणार नाही एवढी ती रक्कम आहे. राज्यात वर्षाला दोन लाखांहून जास्त पेशंटची नोंद होते. सगळ्या दोन लाखांना सहा महिने दिले तरी ६०० कोटी होतात, आणि ईएसआयवाले, सरकारी नोकर, मोठ्या पगाराचे वगळले की आकडा खाली येतो. लाडकी बहिणीसाठी पहिल्या वर्षाचा अंदाज ४६,००० कोटींचा होता. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, बचत गटाचा हिशोब ठेवते. त्या हिशोबानं हे राज्याला झेपणारं आहे.

पैसे दारूत जातील, असं मला एका कार्यक्रमात स्टेजवरून सांगण्यात आलं. काही घरांत जातील. त्या घरांत पैसे बाईच्या खात्यावर द्या, ते ठरवायला आम्ही आशा आहोत. ज्याचा उपचार पूर्ण होतो त्या साध्या टीबीच्या पेशंटमागे उपचार सहायकाला १,००० रुपये मानधन आहे. ते मी घेते आणि त्यासाठी मी घरोघर जातेच. कुठल्या घरात पैशाचं काय होतं हे आमच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

तुमच्यात २८८ विधानसभेचे आणि ७८ परिषदेचे सदस्य आहेत. तुमच्यापैकी कुणीही, कुठल्याही पक्षाचा, हा प्रश्न अधिवेशनात विचारू शकतो : आमच्या राज्यात टीबी झालेल्या मजुराच्या बुडालेल्या पगाराचं सरकार काय करतं? उत्तर लेखी मागा. आणि २४ मार्चला, टीबी दिनाला, आमच्या रॅलीत झेंडा दाखवायला तुम्ही येता, त्या दिवशी रॅली संपल्यावर अर्धा तास काढून आपल्या मतदारसंघातल्या एका पेशंटच्या घरी बसा. किती खर्च झाला एवढं विचारा, आणि घरातल्या बाईला बोलू द्या. मी येईन बरोबर, गर्दी मात्र नको. शेजाऱ्यांना कळलं तर खोली सोडावी लागते.

सध्या माझ्याकडे चार पेशंट आहेत. त्यातल्या एकाचा परवा दुसरा महिना भरला. वजन अडीच किलो वाढलंय, खोकला थांबलाय. वय एकतीस, दोन मुली. काल वजनकाट्यावरून उतरताना त्यानं विचारलं, "ताई, सोमवारपासून रात्रपाळी धरू का? शेठनं माणूस लावायचं म्हटलंय." मी म्हटलं, थांब, शनिवारी सांगते.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
इचलकरंजी, जि. कोल्हापूर